पंपाचं मेकॅनिकल सील: गळती कशी रोखली जाते, कुठे चुकतं, काय घ्यावं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

पोफळीच्या कुळागरातला मोनोब्लॉक (मोटर आणि पंप एकाच शाफ्टवर जोडलेला), हॉटेलच्या तरणतलावामागचा फिल्टर पंप, वेर्ण्याच्या औषध कारखान्यातला रिॲक्टर, डिचोली-सांग्याकडे खाणीच्या खड्ड्यातून पाणी उपसणारे मोठे पंप. या सगळ्या यंत्रांत एक जागा सारखीच नाजूक असते. फिरणारा शाफ्ट (दांडा) केसिंगच्या, म्हणजे पंपाच्या बाहेरच्या कवचाच्या, भोकातून बाहेर पडतो ती जागा. भोक तर हवंच आणि त्यातून पाणी, तेल किंवा रसायन बाहेर यायला नको. गोव्यातले बागायतदार, इमारतींचे पंप सांभाळणारे आणि कारखान्यांत नव्याने लागलेले फिटर या जागेबद्दल जे विचारतात, त्याची उत्तरं इथे दिली आहेत.

मेकॅनिकल सील म्हणजे नेमकं काय?

मुळात दोन कड्या. एक शाफ्टबरोबर फिरते, तिला दुकानात रोटरी म्हणतात. दुसरी केसिंगमध्ये पक्की बसलेली असते, ती सीट. दोघींची गुळगुळीत तोंडं समोरासमोर येतात आणि स्प्रिंग त्यांना एकमेकींवर दाबून धरते. पंप सुरू झाला की आतल्या पाण्याचा दाबही त्या दाबण्यात भर घालतो.

पाण्याला बाहेर पडायला तीन वाटा असतात: दोन तोंडांमधून, रोटरी आणि शाफ्टमधल्या फटीतून, आणि सीट व केसिंगमधल्या फटीतून. शेवटच्या दोन वाटांवर ओ-रिंग (रबरी कडी) किंवा रबरी बेलो (शाफ्टला घट्ट धरणारी लवचीक बाही) बसवलेले असतात. तिथे फिरण्याची हालचाल नसते, त्यामुळे त्या बंद करणं सोपं. खरं काम उरतं पहिल्या वाटेवर. झीज होते तीही त्या दोन तोंडांचीच, शाफ्टची नाही. तोंडं झिजली की स्प्रिंग रोटरीला पुढे सरकवते, म्हणून सील स्वतःच झीज भरून काढत राहतं.

तोंडं इतकी घासतात, मग लगेच जळून का जात नाहीत?

कारण त्यांच्यामध्ये पाण्याचा पापुद्रा असतो. सगळ्या विषयाचं मर्म इथे आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

सीलची तोंडं लॅपिंग करून, म्हणजे बारीक पुडीने घासून, सपाट केलेली असतात. तो सपाटपणा मोजायला साधी पट्टी किंवा डायल चालत नाही. काचेच्या सपाट चकतीखाली सीलचं तोंड ठेवून हेलियमच्या प्रकाशात दिसणारे पट्टे मोजतात. एक पट्टा म्हणजे साधारण ०.२९ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). चांगलं तोंड दोन-तीन पट्ट्यांच्या आत सपाट असतं, म्हणजे एका मायक्रॉनपेक्षाही कमी चढउतार. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, त्यावरून कल्पना करा.

अशी दोन तोंडं जवळ आली की मध्ये शिरलेल्या द्रवाचा थर एका मायक्रॉनच्या आसपास राहतो. दोन ओल्या काचा एकमेकींवर ठेवल्या तर त्या सहज सरकतात, पण ओढून वेगळ्या करता येत नाहीत. सीलच्या तोंडांचं तसंच असतं. हा थर वंगणाचं काम करतो आणि घासण्यातून निर्माण होणारी उष्णता वाहून नेतो.

उष्णता थोडीथोडकी नसते. ५० मिलिमीटर व्यासाचं सील मिनिटाला २,९०० फेऱ्यांनी फिरत असेल, तर तोंडं एकमेकींवरून सेकंदाला साडेसात मीटरहून अधिक वेगाने जातात. म्हणजे ताशी २७ किलोमीटर. या वेगाने कोरडं घासलं तर काय होईल ते वेगळं सांगायला नको. सील म्हणजे बूच नव्हे. जे द्रव अडवायचं, त्याच्याच पातळ थरावर ते जगतं.

म्हणजे मेकॅनिकल सीलमधून थोडी गळती असतेच?

असते, पण ती दिसत नाही. थर बाहेरच्या कडेपर्यंत पोचतो तेव्हा त्यातलं पाणी इतकं कमी असतं की ते वाफ होऊन उडून जातं. बाहेरून पंप कोरडा दिसतो. नवं सील बसवल्यावर सुरुवातीला एखाद-दुसरा थेंब पडला तर घाबरू नका. तोंडं एकमेकींवर बसली की तो थांबतो. वाढत गेला तर मात्र पंप बंद करून बघा.

आमच्या जुन्या पंपात ग्लँडची दोरी आहे. ती काढून सील बसवावं का?

सरसकट हो म्हणणार नाही. ग्लँड पॅकिंग म्हणजे ग्रॅफाइट किंवा टेफ्लॉन लावलेली विणलेली दोरी. शाफ्टभोवती तिचे वेढे घालून वरून ग्लँड (दोरी दाबणारी कडी) आवळतात. तिला थंड राहायला पाणी लागतं, म्हणून मिनिटाला ४० ते ६० थेंब पडू देणं हीच तिची योग्य अवस्था. २० थेंबांचा एक मिलिलिटर धरला तर ६० थेंबांनी दिवसाला सव्वाचार लिटरच्या वर पाणी जातं. विहिरीच्या पाण्याला हे परवडतं. रसायनाला किंवा तेलाला नाही. थेंब पूर्ण थांबवायला दोरी करकचून आवळली की ती जळते आणि शाफ्टच्या स्लीव्हवर (शाफ्टवरच्या बाहीवर) खाचा पाडते. मग नवी दोरी घातली तरी गळती तशीच.

दोरीचा मोठा गुण असा की ती हळूहळू बिघडते आणि पाना घेऊन जागेवरच सावरता येते. सील बिघडलं की पंप उघडावाच लागतो. पाटावरचे मोठ्या शाफ्टचे जुने पंप, गाळ येणारी पाणी उपसण्याची ठिकाणं, मांडवी-जुवारीत चालणाऱ्या बार्जच्या पंख्याचा शाफ्ट, अशा ठिकाणी दोरी आजही वापरतात. थेंब पडलेले चालतात आणि माणूस हजर असतो, अशा जागी दोरीला नावं ठेवण्यात अर्थ नाही. छोट्या पंपांत मात्र सीलच योग्य.

ऑइल सील आणि मेकॅनिकल सील एकच का?

नाही. ऑइल सील म्हणजे रबराचा ओठ, त्यामागे बारीक गोल स्प्रिंग. तो थेट शाफ्टवर घासतो आणि जवळजवळ बिनदाबाचं तेल अडवतो. स्कूटरच्या इंजिनात, गिअरबॉक्समध्ये तोच असतो. दाबाखालच्या पाण्यासमोर तो टिकत नाही.

मच्छीमार बांधवांना एक गोष्ट आवर्जून सांगण्यासारखी आहे. होडीच्या आउटबोर्ड मोटरच्या पंख्यामागे असेच ऑइल सील असतात. पंख्याला तंगूस (मासेमारीचा नायलॉन दोरा) गुंडाळला की तो शाफ्टवरून आत सरकतो आणि सीलचा ओठ कापतो. मग खालच्या गिअरपेटीत खारं पाणी शिरतं. तेल बदलताना ते दुधासारखं पांढुरकं निघालं तर पाणी शिरलं आहे असं समजा. पंखा अधूनमधून काढून मागे तंगूस अडकलाय का ते बघणं हा त्यावरचा सगळ्यात स्वस्त उपाय.

दर मे महिन्यात आमचं सील जातं. पंपात दोष आहे का?

बहुतेक वेळा दोष पंपाचा नसतो, विहिरीतल्या पाण्याच्या पातळीचा असतो. एप्रिल-मेमध्ये जांभ्यातल्या विहिरी झपाट्याने खाली जातात. वर बसवलेल्या पंपाला व्यवहारात सहा-सात मीटर खालूनच पाणी ओढता येतं. हवेच्या दाबाची मर्यादाच कागदावर सव्वादहा मीटरच्या जवळपास आहे, त्यात पाइपातलं घर्षण आणि फूट व्हॉल्व्हचा (पाइपाच्या खालच्या टोकाच्या एकतर्फी झडपेचा) अडथळा वजा होतो. पाणी त्याखाली गेलं की आधी पंपातून खडी फिरल्यासारखा आवाज येतो. मग फूट व्हॉल्व्ह उघडा पडतो, पंप हवा ओढतो आणि शाफ्ट रिकाम्या केसिंगमध्ये फिरत राहतो.

तोंडांमधला पापुद्रा तेव्हाच संपतो. अगदी थोड्या वेळात तोंडांचे कार्बन आणि सिरॅमिक तापतात, रबरी बेलो करपतो, वास येतो. पुढचं नुकसान बहुतेक वेळा आपल्याच हातून होतं. पाणी येत नाही म्हणून घाईघाईने वरून थंड पाणी ओतून प्रायमिंग (पंप पाण्याने भरणं) केलं जातं. तापलेल्या सिरॅमिकवर गार पाणी पडलं की ती तडकते. त्यामुळे पंप कोरडा चालला असा संशय आला तर मेन स्विच बंद करा, केसिंग हाताला गार लागेपर्यंत थांबा, मगच पाणी भरा.

कायमचा उपाय म्हणजे विहिरीत पातळी ओळखणारे इलेक्ट्रोड किंवा फ्लोट स्विच, नाहीतर स्टार्टरमध्ये ड्राय रन (कोरडं चालण्यापासून) संरक्षण. पाणी नसलं की मोटर कमी करंट घेते, हे ओळखून ते पंपाची वीज तोडतं. फूट व्हॉल्व्ह खाली सोडता येत असेल तर सोडा, पण तळाच्या गाळात टेकवू नका. विहिरीत उतरता येण्याजोगा कठडा असेल तर उन्हाळ्यापुरता पंप खाली नेणं ही जुन्या बागायतदारांची पद्धत अजूनही उत्तम आहे.

पावसाळ्यानंतर पंप सुरू केला आणि पहिल्याच दिवशी गळायला लागला. असं का?

जूनपासून बागेला पाणी लागत नाही, पंप काही महिने गप्प असतो. आत राहिलेलं पाणी सुकतं, त्यातले क्षार आणि लोहाचा गंज तोंडांमध्ये साचतो आणि दोन्ही कड्या एकमेकींना चिकटतात. बटण दाबल्यावर मोटर झटका देते. त्यात कार्बनची कड तुटते किंवा रबर शाफ्टवरून सुटतं.

सुरू करण्याआधी वीज तोडा आणि मोटरच्या मागचा पंखा हाताने फिरवून बघा. जाळी काढावी लागेल. अडकत असेल तर हलक्या हाताने मागेपुढे करत सोडवा, पाणी भरा, हवा निघू द्या, मग चालू करा. पावसाळ्यातही अधूनमधून काही मिनिटं पाण्यासकट पंप चालवला तर हा प्रश्न येत नाही.

सीलजवळचे बोल्ट आवळले तर गळती थांबेल का?

नाही. ही सवय दोरीच्या ग्लँडवरून आलेली आहे. सीलमध्ये दाब स्प्रिंग देते, बोल्ट नाही. ग्लँड प्लेटचे बोल्ट जास्त किंवा एकाच बाजूला आवळले तर सीट वाकते, आणि एका मायक्रॉनच्या हिशोबात जगणाऱ्या तोंडाला तेवढं वाकणं पुरेसं होतं. गळती उलट वाढते.

मोनोब्लॉकच्या खालच्या भोकातून पाणी येतंय. ते भोक बुजवू का?

कृपा करून बुजवू नका. पंप आणि मोटरच्या मधलं ते भोक सील गळतंय हे तुम्हाला कळावं आणि गळलेलं पाणी मोटरच्या बेअरिंगमध्ये न जाता खाली पडावं, यासाठी मुद्दाम ठेवलेलं असतं. मोटारगाडीच्या वॉटर पंपालाही असंच भोक असतं. ते बुजवलं की पाणी बेअरिंगमध्ये, तिथून वाइंडिंगमध्ये. सीलचा खर्च वाचवायला जाऊन मोटरचं वाइंडिंग नव्याने भरून घ्यावं लागतं. चिखलाने किंवा कुंभारमाशीच्या घराने ते आपोआप बुजतं, तेही साफ ठेवा.

दुकानात कोणतं सील मागायचं?

जुनं सील सोबत न्या, दोन्ही भाग. शाफ्टचा व्यास व्हर्नियरने मोजा, अंदाजाने नको. पाच अष्टमांश इंच आणि १६ मिलिमीटर यांत जेमतेम पाव मिलिमीटरपेक्षा कमी फरक आहे, पण १६ चा बेलो १५.८७५ च्या शाफ्टवर घसरू शकतो. अर्धं सील बदलू नका. जुन्या सीटवर नवा कार्बन कधीच नीट बसत नाही.

तोंडांच्या जोड्यांपैकी कार्बन-सिरॅमिक सगळ्यात स्वस्त आणि स्वच्छ पाण्याला पुरेशी. थोडा जास्त खर्च करता येत असेल तर कार्बनसमोर सिलिकॉन कार्बाइड घ्या. ते उष्णता लवकर वाहून नेतं आणि अचानक तडकत नाही. वाळू किंवा खनिज येत असेल तर दोन्ही तोंडं कठीण हवीत, सिलिकॉन कार्बाइड किंवा टंगस्टन कार्बाइड. पण अशी कठीण जोडी क्षणभरही कोरडं चालणं सोसत नाही, हे लक्षात ठेवा.

रबराची निवड लोक विसरतात. नायट्रिल पाण्याला आणि खनिज तेलाला चालतं. ईपीडीएम गरम पाण्याला उत्तम, पण तेल किंवा ग्रीस लागलं की फुगतं. व्हायटॉन तेल, इंधन आणि कित्येक रसायनांना चालतं, मात्र ॲसिटोनमध्ये खराब होतं.

समुद्राकाठच्या हॉटेलात तरणतलावाच्या पंपाचं सील वारंवार का जातं?

क्लोरीन आणि मिठामुळे. क्लोराइडमुळे ३०४ जातीच्या स्टेनलेस स्टीलच्या स्प्रिंगवर खड्डे पडतात आणि एक दिवस ती तुटते. ३१६ बरी. थेट समुद्राच्या पाण्यासाठी हॅस्टेलॉय या निकेलच्या मिश्रधातूच्या स्प्रिंगा वापरतात. आणखी एक कारण असं की रात्री फिल्टर धुतल्यावर व्हॉल्व्ह बंद राहतात आणि पंप तसाच फिरतो. आतलं पाणी तेवढंच, ते तापत राहतं.

लोहाचं लाल पाणी आणि खाणीतला गाळ यांना कोणतं सील चालेल?

बोअरवेलच्या लालसर पाण्यातलं लोह हवेशी गाठ पडताच गंजाच्या रूपाने बसतं. ते स्प्रिंगच्या वेढ्यांत साचलं की स्प्रिंग जाम होते आणि तोंड झिजलं तरी पुढे सरकत नाही. अशा ठिकाणी बऱ्याच बारीक स्प्रिंगांपेक्षा एकच जाड स्प्रिंग असलेलं सील टिकतं.

खाणीच्या खड्ड्यांचं दुखणं मोठं. खनिजाचे बारीक कण तोंडांमध्ये शिरले की दळणच होतं. २०१२ साली गोव्यातलं खाणकाम थांबलं, तेव्हाही पावसाने खड्डे भरायचे थांबले नाहीत. पाणी उपसावंच लागतं. तिथे एक तर कठीण जोडीचं सील घेऊन बाहेरून स्वच्छ पाणी पंपातल्या दाबापेक्षा जास्त दाबाने सीलपाशी सोडतात, म्हणजे गाळ तिथपर्यंत पोचतच नाही. किंवा एक्सपेलर बसवतात. तो इम्पेलरच्या (पाणी ढकलणाऱ्या पात्यांच्या चाकाच्या) मागे फिरणारा दुसरा छोटा इम्पेलर असतो आणि गाळ शाफ्टपासून बाहेर ढकलतो. पंप थांबला की तोही थांबतो, त्यामुळे तेव्हासाठी सोबत दोरी लागते.

औषध कारखान्यात दुहेरी सील का लावतात?

रिॲक्टरमध्ये ढवळणारा शाफ्ट वरून लोंबत असतो. तो लांब असतो, थोडा झुलतो, आणि सील असतं सगळ्यात वर, जिथे द्रव नसून वाफा असतात. टोल्युइन किंवा मिथेनॉल या सॉल्व्हंटांच्या (विरघळवणाऱ्या द्रवांच्या) वाफांचा वंगण म्हणून उपयोग नाही, आणि त्या बाहेर आल्या तर आगीचा व आरोग्याचा धोका.

म्हणून दोन सील जोडीने बसवतात आणि मधल्या जागेत वेगळं स्वच्छ द्रव, त्याला बॅरिअर द्रव म्हणतात, आतल्या दाबापेक्षा एक-दोन बार जास्त दाबाने भरतात. दोन्ही सीलची तोंडं त्या द्रवावर चालतात. आतलं सील गळलं तर बॅरिअर द्रव आत जातं, सॉल्व्हंट बाहेर येत नाही. माणसाच्या बाजूने विचार केला तर मला ही रचना सगळ्यात मोलाची वाटते. बिघाड झाला तरी विषारी वाफ कामगाराच्या नाकाशी येत नाही. अर्थात बॅरिअर द्रव औषधात मिसळलं तरी चालेल असंच निवडावं लागतं, आणि झिजलेल्या कार्बनचे कण बॅचमध्ये पडू नयेत म्हणून सीलखाली कण अडवणारी वाटी असते.

नव्या फिटरांना एकच सांगणं: बॅरिअरच्या पॉटमधल्या (द्रवाच्या छोट्या टाकीतल्या) द्रवाची पातळी रोज बघून लिहा. ती उतरायला लागली की कुठलं तरी सील गळतंय. बाहेर डाग नसेल तर बहुधा आतलं.

प्लॅन ११, प्लॅन ५३ हे काय आहे?

सीलपर्यंत द्रव कसं पोचवायचं याचे ठरलेले आराखडे. प्लॅन ११ मध्ये पंपाच्या डिलिव्हरीतलंच थोडं द्रव सीलवर सोडतात. प्लॅन ३२ म्हणजे बाहेरून स्वच्छ द्रव. वर सांगितलेली दाबाखालची बॅरिअर व्यवस्था म्हणजे प्लॅन ५३. प्लॅन ५२ मध्ये तेच मधलं द्रव दाबाविना असतं. तेलशुद्धीकरण आणि रसायन उद्योगासाठीच्या एपीआय ६८२ या मानकात हे सगळे आराखडे दिलेले आहेत. त्याची पहिली आवृत्ती १९९४ ची.

सील पुन्हा पुन्हा जातंय. कारण कसं शोधायचं?

जुनं सील फेकू नका. माझ्या मते दुरुस्तीतला सगळ्यात महत्त्वाचा अर्धा तास म्हणजे जुनी तोंडं उजेडात धरून बघण्याचा. पण बहुतेक ठिकाणी ती आधी भंगारात जातात आणि नवं सील त्याच आजाराच्या तोंडी दिलं जातं.

कठीण तोंडावर मधून बाहेर जाणाऱ्या केसासारख्या चिरा असतील तर ते कोरडं चाललंय. कार्बनच्या कडा तुटलेल्या असतील तर तोंडं उघडझाप करत होती. द्रवाची मध्येच वाफ होत असेल किंवा पंप थरथरत असेल तर असं होतं. घासल्याचा पट्टा कार्बनच्या रुंदीपेक्षा रुंद उमटला असेल तर शाफ्ट डोलतोय, बेअरिंग आणि कपलिंगचं अलाइनमेंट बघा. पट्टा एकाच बाजूला असेल तर सीट तिरकी बसली. आणि पट्टाच नसेल तर रोटरी फिरतच नव्हती, रबर शाफ्टवर घसरत होतं.

ओ-रिंगही बोलकी असते. फुगलेली असेल तर द्रवाला न चालणारं रबर, कडक होऊन भेगाळलेली असेल तर उष्णता, एका ठिकाणी कापलेली असेल तर बसवताना शाफ्टवरच्या चावीच्या (की) खाचेवर घासली.

बसवताना काय सांभाळायचं?

हात स्वच्छ, आणि तोंडांना बोट लावायचं नाही. धूळ लागली तर धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसा. शाफ्टच्या खाचेवर आणि आट्यांवर चिकटपट्टी लावा, म्हणजे रबर कापणार नाही. बेलो सरकवायला साबणाचं पाणी वापरा. सीट हातोडीने ठोकू नका, सरळ दाबून बसवा. शाफ्टवर डायल (सूक्ष्म हलणं मोजणारं साधन) लावून फिरवा, डोल ०.०५ मिलिमीटरच्या आत हवा. त्याहून जास्त असेल तर आधी बेअरिंग बदला, नाहीतर नवं सीलही जाईल. शेवटी पाणी भरून हवा काढल्याशिवाय फिरण्याची दिशा तपासायलाही मोटर चालू करू नका.

चांगलं सील किती टिकावं?

एपीआय ६८२ ची अपेक्षा सलग २५,००० तासांची आहे, म्हणजे जवळपास तीन वर्षं अखंड. ते मोठ्या कारखान्यांच्या महागड्या सीलबद्दल झालं. बागेतल्या पंपाला तेवढे तास मिळायला कित्येक हंगाम लागतील. दरवर्षी सील जात असेल तर ते झिजून जात नाहीये.

जुनं सील पुन्हा लॅपिंग करून वापरता येतं का?

छोटं नाही, परवडत नाही. मोठं, महागडं सील असेल तर सिलिकॉन कार्बाइड आणि कार्बनची तोंडं पुन्हा लॅप करून घेतात, चिरा किंवा तुटलेल्या कडा नसल्या तरच. लॅप केलेलं तोंड परत घेताना हेलियमच्या पट्ट्यांची तपासणी मागा. ओ-रिंगा आणि स्प्रिंगा मात्र दर वेळी नव्याच घाला.